जॉब लावला का?

फिटरकाका माणसाला चेहऱ्यावरून ओळखत नसत, दातांवरून ओळखत. समोरचा तोंड मिटून उभा असला तर काका खुशाल परक्यासारखे बघत राहायचे. तो हसला की म्हणायचे, "अरे, तू होय." हडपसरच्या आमच्या गल्लीत अशी वदंता होती (आणि ती पसरवण्यात माझा वाटा मोठा होता) की त्यांच्या लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर काकू लाजून तोंड मिटून उभ्या राहिल्या, तेव्हा काकांनी भटजींना हळूच विचारलं, "हीच ना नक्की?"

शेजारी एक निवृत्त हेडमास्तर राहायचे. त्यांच्या परसात पेरूचं झाड होतं आणि फाटकावर पाटी होती, "पेरू मोजलेले आहेत." एकदा त्यांना झाडाखाली अर्धवट चावलेला पेरू सापडला. तो रुमालात गुंडाळून ते काकांकडे आले. "आपण दातांतले जाणकार. हा चावा कोणाचा, सांगा."

काकांनी पेरू उजेडात धरून सावकाश फिरवला. मी त्यांच्या उंबऱ्यावर बसले होते. त्या अर्ध्या मिनिटात माझं जेवढं वजन घटलं तेवढं पुढे कुठल्याही डाएटनं घटलं नाही.

"खार हाय," काका म्हणाले.

"एवढ्या मोठ्या दातांची?"

"हडपसरची हाय मास्तर."

मास्तर गेल्यावर काकांनी पेरू माझ्या हातात ठेवला. "खारीचा वरचा डावा सुळा भायेर आलाय. आईला म्हणावं, डॉक्टरीणबाईंकडं ने." अशी माझी दातांची ट्रीटमेंट सुरू झाली.

काका मूळचे कारखान्यातले. टूलरूममध्ये फिटर. केसाच्या जाडीचे चार भाग करून त्यातला एक भाग कानशीनं उतरवणारा माणूस, असं मी सांगत असे. पण यात मी फारसं वाढवलेलं नाही. मग देशात नवे वारे वाहू लागले, नवी यंत्रं आली, आणि कारखान्यानं एका सकाळी गेटला कुलूप घातलं. वर्षभर काका उंबऱ्यावर बसून नुसते स्वतःच्या हातांकडे बघत होते. कोपऱ्यावर डॉक्टरीणबाईंचा नवा दवाखाना निघाला होता. मुलांच्या दातांना लावायच्या तारेच्या प्लेटा त्यांना शहरातून करून आणाव्या लागत आणि त्यात पंधरा-पंधरा दिवस जात. बाईंनी एकदा एक वाकलेली प्लेट काकांना दाखवली. काकांनी पक्कड आणली, दोन मिनिटांत तार सरळ केली आणि विचारलं, "हे असं आणखी काय हाय का?"

तेव्हापासून त्यांच्या पडवीत पुन्हा कारखाना चालू झाला. बाई मुलाच्या दातांचं माप घ्यायच्या, काका त्यात प्लास्टर ओतून दातांचा साचा करायचे, आणि त्या साच्यावर गुलाबी प्लेट आणि तार बसवायचे. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले. श्रावणात नवखी माणसं पांढरं प्लास्टर बघून विचारायची, "गणपती करता का?" काका म्हणायचे, "न्हाई, नुसतं दात. गणपतीचा बी एक जॉब अर्धा ऱ्हायलाय, पण ते काय माप द्यायला येत न्हाईत."

जॉब हा त्यांचा शब्द. कारखान्यात यंत्रावर चढवलेला तुकडा म्हणजे जॉब, आणि आता पोराच्या तोंडातली प्लेट म्हणजेही जॉब. गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येक पोराला एकच प्रश्न, "जॉब लावला का?" पोरानं मान डोलावली तरी भागत नसे. तोंड उघडून दाखवावं लागे. घासायचं कसं तेही त्यांनीच शिकवलं. "कानस मारल्यागत आडवं नको घासू, दात झिजतोय. हिरडीकडून खाली झाडू मार." गोड खाल्लं की चूळ, आणि प्लेट काढली की डबीत. अख्ख्या गल्लीच्या आयांना जे जमलं नव्हतं ते त्या माणसानं एका शब्दावर करून घेतलं. आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा त्यांना बघून जबडा उघडायची, असं मी शाळेत सांगितलं होतं आणि दोघींना ते पटलंही होतं.

माझी अडचण इथेच होती. वर्गात माझी सगळी किंमत माझ्या थापांवर होती. मधल्या सुट्टीत डबे उघडून मुली माझ्याभोवती बसायच्या. प्लेट लावली आणि 'स'चा 'श' झाला. "एकदा काय झालं, शाप निघाला," असं म्हटल्यावर कोण घाबरणार? प्लेट तोंडात असताना थाप मारता येत नव्हती, म्हणून मी प्लेट डबीत आणि डबी दप्तराच्या तळाशी ठेवली. चार-पाच आठवडे.

मग तपासणीचा दिवस आला. प्लेट तोंडात बसेना. तेवढ्या आठवड्यांत दात आपापल्या मर्जीनं सरकले होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रोज लावत होतीस ना?" मी म्हणाले, "रोज." त्यांनी विषय तिथेच सोडला असता तर मीही सोडला असता. पण त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि समोर ऐकणारं माणूस असलं की मला राहवत नाही. मी म्हणाले, "पहिल्यापासून सैलच होती. काकांचा हात थरथरतो ना हल्ली. मी पाहिलंय. चहा पिताना बशी वाजते."

असं काहीही मी पाहिलं नव्हतं. ती बशी मी गोष्ट रंगावी म्हणून घातली होती.

बाई भल्या होत्या, तोच घोटाळा झाला. काकांना दुखवायचं नाही म्हणून त्यांनी चौकशी केली नाही. "तुमचं वय झालं, आता आराम करा," म्हणाल्या आणि काम शहरातल्या लॅबला दिलं. काकांनी फार खोदून विचारलं तेव्हा इतकंच म्हणाल्या, "हात थरथरतो म्हणे. चहा पिताना बशी वाजते."

अशी बशी वाजवणारी गल्लीत एकच होती. दुसऱ्या दिवशी काकांनी मला हाक मारली. "तुझा जॉब घेऊन ये." मी डबी घेऊन गेले. त्यांनी काकूंकडून काठोकाठ भरलेली चहाची बशी मागून घेतली, तळहातावर ठेवली आणि हात लांब केला. मी शंभरपर्यंत मोजलं. चहावरची साय हलली नाही. मग बशी खाली ठेवून त्यांनी फळीवरून माझ्या दातांचा साचा काढला आणि प्लेट त्यावर दाबली. टक् असा बारीक आवाज झाला. प्लेट सूतभरही इकडेतिकडे नव्हती.

मी रडायला लागले. त्यांनी प्लेट काढून मला परत दिली आणि मग हातोडी घेऊन साच्यावर एकच ठोका घातला. माझे दात पडवीभर झाले.

"साचा दाखवून बाईंना पटवणं मलाबी येतंय," ते म्हणाले. "पण त्यात तू खोटी पडशील. आता माझ्याकडं काय न्हाई. तुझी तू सांग. सांगशील तवा सांग."

मी सांगितलं नाही. आज सांगते, उद्या सांगते, परीक्षा झाली की सांगते. त्यांनी त्याचा एका शब्दानं उल्लेख केला नाही. रस्त्यात भेटले की तेवढंच, "जॉब लावला का?" आणि मी मान खाली घालायची. तो सुळा पुढे थोडा वाकडाच राहिला.

काकांचा कारखाना पाडून तिथे काचेचा आयटी पार्क उभा राहिला. काका त्याच्या गेटवर गणवेश घालून बसू लागले. जिथे त्यांची टूलरूम होती तिथे आता गाड्या लागत, आणि ते शिट्टी वाजवून त्यांना मागेपुढे घेत. दैव असं की मला पहिली नोकरी त्याच इमारतीत लागली. मी धावत गेटवर गेले. "काका, जॉब लागला."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. वाकड्या सुळ्याकडे. "लावला का?" म्हणाले, आणि हसले.

त्या क्षणी माझ्या ओठांवर सगळं आलं होतं. मी काय सांगितलं? आमच्या कॅन्टीनमध्ये डोसा इतका लांब असतो की दोन मजले मिळून खातात. ते हसले. मागे गाडीनं हॉर्न दिला आणि त्यांनी गेटचा दांडा वर केला. पुढच्या वर्षी कंपनीनं मला परदेशी पाठवलं. मी तिकडे असतानाच काका गेले. आईनं फोनवर सांगितलं, "शेवटच्या दिवशी सुद्धा स्वतःच्या हातानं चहा प्यायले बाई."

परवा माझ्या मुलीला घेऊन त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. त्यांचा दवाखाना आमची गल्ली सोडून कधीच शहरात गेलाय. बाईंचे केस पांढरे झालेत. मुलीचे दात सरळ करून झाले होते आणि ते पुन्हा हलू नयेत म्हणून तिला प्लेट दिली होती. ती बसेना. "रोज लावत होतीस ना?" "रोज," मुलगी म्हणाली. बाई वैतागल्या. "हा लॅबवाला हल्ली कामं सैल करतो. त्याला बंदच करते." आणि त्यांनी फोन लावला.

मी म्हणाले, "डॉक्टर, थांबा जरा." आणि बोलले. पेरूपासून नव्हे, बशीपासून. काही न वाढवता. इतकी छोटी गोष्ट मी जन्मात सांगितली नव्हती.

बाई ऐकून घेत हसल्या. "अगं, तुझी लहानपणापासूनची सवय मला ठाऊक आहे. माया होती तुझी त्यांच्यावर, म्हणून म्हणतेस. हात गेलाच होता बिचाऱ्यांचा."

माझ्याकडे दाखवायला साचा नव्हता. मी मुलीकडे बघितलं. ती खुर्चीत आडवी, दिव्याखाली, लालबुंद झाली होती.

"मी लावत नव्हते," ती म्हणाली. "शाळेत बोलताना 'श' येतो."

बाईंनी टेबलावरचा तिचा साचा ओढला आणि प्लेट त्यावर दाबली. टक्.

त्यांनी साच्याकडे बघितलं. मग माझ्या सुळ्याकडे. "ते अजून त्याच गल्लीत राहतात?" त्यांनी विचारलं. "संध्याकाळी गेले तर भेटतील?"

"गेले ते, डॉक्टर. सोळा वर्षं झाली."

टेबलावरच्या फोनमधून लॅबवाला केव्हाचा हॅलो, हॅलो करत होता. बाईंनी फोन उचलून कानाला लावला. त्यांचा हात थरथरत होता.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "प्लेट छान बसलीय. तेवढंच सांगायचं होतं."