बिशपला अजून एक वर्ष

माझ्या फ्रिजमध्ये लोण्याच्या शेजारी हरिणीच्या मुताची बाटली असते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्या भावाबद्दल पुढे काय ऐकायला मिळणार याचा अंदाज येईल. झाकण घट्ट आहे, असं व्हर्लिनचं म्हणणं. गेल्या ऑक्टोबरात चष्मा न लावता मी कॉफीत घालायला साय काढत होते, तेव्हा त्या झाकणामुळेच वाचले. त्याला म्हटलं, तुझ्या घरी ठेव ना हे. तर म्हणाला, "अगं, माझ्या फ्रिजला वास येतो."

व्हर्लिन ट्वेटेन, वय छप्पन्न, दुधाचा टँकर चालवतो. दुपारी दोनला सुटतो आणि अडीचला आमच्या शेताच्या मागच्या चाळीस एकरांत असतो. शेत बाबांचं, सेल्मर ट्वेटेन यांचं. गाई विकल्यापासून तिथे बाबा आणि मी असे दोघंच राहतो. व्हर्लिन मैलभरावर राहतो, एकटा. त्याची बायको मर्ना अकरा वर्षं टिकली. कपड्यांना माणसाचा वास राहू नये म्हणून तो शिकारीचे कपडे ओल्या मातीत आणि पाल्यात मुरवत ठेवायचा, आणि तेही बाथटबात. ती त्याला सोडून गेली तेव्हा सगळं गाव हळहळलं. मी तिला वाटेत खायला केक करून दिला.

तर हरणं बोलावणं हा त्याचा उद्योग. हरणांना भुलवायला मक्याचे ढीग टाकायची आमच्या काऊंटीत बंदी आहे, तेव्हा तो पिकं लावतो. वसंतात क्लोव्हरचा चारा, ऑगस्टात सलगम. रानात जुना पाण्याचा हौद पुरून त्यानं डबकं केलं. जंगली सफरचंदाच्या झाडांची छाटणी केली, ज्यांना पन्नास वर्षांत कुणी हात लावला नव्हता. एका फांदीखालची जमीन खरवडून तिथे माझ्या फ्रिजमधली ती बाटली थोडी थोडी शिंपडतो, म्हणजे नरांना वाटावं इथे एखादी हरिणी येऊन गेली. स्वतःच्या घराचं छप्पर गळतंय ते गळतंच आहे.

हे सगळं का, तर बाबांसाठी. आणि हेच मला जास्त चीड आणतं, कारण त्याला शिव्या द्याव्यात तर त्यामागे प्रेम निघतं.

बाबांनी आयुष्यभर शिकार केली ती सॉसेजसाठी. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी शिकारीचा मोसम उघडला की कुरणाच्या टोकाला एका ओंडक्यावर बसायचे, जे पहिलं येईल ते मारायचे आणि नऊच्या आत घरी परत. गावातल्या बारच्या भिंतीवर सगळ्यांच्या बापांची शिंगं आहेत, आमच्या बापाची नाहीत. बाबांना त्याचं काही नव्हतं. व्हर्लिनला मात्र ते लागलं होतं. चार वर्षांपूर्वी, बाबांना ऐंशीवं लागलं तेव्हा, तो म्हणाला, "या शेतावर, या माणसाच्या हातून, एक मोठा नर पडलाच पाहिजे." मला ते ऐकून बरं वाटलं होतं. तेव्हाच थांबवायला हवं होतं.

पहिल्याच वर्षी त्यानं झाडावर लावलेल्या कॅमेऱ्यात एक नर आला. अडीच वर्षांचा, सहा टोकांची शिंगं, छाती पुढे काढून कॅमेऱ्याकडे असा बघत होता की आपण चर्चला उशिरा पोचलोय. व्हर्लिननं त्याचं नाव बिशप ठेवलं. मोसमाच्या आदल्या संध्याकाळी त्यानं फोटो माझ्या टेबलावर मांडले.

"बाबा, हा आला तर सोडायचा."

"का? आजारी आहे?"

"लहान आहे. अजून वाढेल. पुढच्या वर्षी बघा काय होतो ते."

"म्हणजे मी तिथे बसून काय करायचं?"

"बघायचं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बटाटे सोलत होते. म्हटलं, तुमचा मुलगा आहे, तुम्ही बघा.

बिशप आला, बाबांनी सोडला. त्या वर्षी आम्ही डुकराचं सॉसेज खाल्लं. पुढच्या वर्षी आठ टोकं, पुन्हा आला, तीस पावलांवर. व्हर्लिनचा हुकूम होता, अजून एक वर्ष. बाबांनी पुन्हा सोडला. तिसऱ्या वर्षी मोसमाचे नऊही दिवस वारा चुकीच्या दिशेनं, माणसाचा वास रानात नेणारा होता म्हणून व्हर्लिननं बाबांना तिकडे फिरकूच दिलं नाही. मी त्याला स्पष्ट म्हटलं, "व्हर्लिन, तुझं हरीण दर वर्षी एक वर्षानं मोठं होतंय ना? तसा तुझा बापही होतोय." तो म्हणाला, "तुला यातलं कळत नाही, आर्डिस." खरंच कळत नव्हतं. हरणाचं वय त्याला दातांवरून, मानेवरून, पाठीच्या बाकावरून सांगता यायचं.

दरम्यान नियम वाढत गेले. जुलैनंतर मागच्या चाळीस एकरांत कुणी पाय ठेवायचा नाही, म्हणजे माझ्या ब्लॅकबेरी गेल्या. करवत चालवायची नाही. शिकारीच्या सकाळी बाबांनी बिनवासाच्या साबणानं अंघोळ करायची. बेकन बंद, कॉफी बंद. आणि बंदुकीचा आवाज तर नाहीच. बाबांची जुनी सवय, ऑगस्टात खळ्यामागे कागदी ताट टांगायचं आणि पाच गोळ्या मारून नेम तपासायचा. व्हर्लिननं तेही बंद केलं. म्हणे हरणं लक्षात ठेवतात. हरणांना निवांतपणा मिळावा म्हणून चार वर्षं आमच्या शेतावर एकही गोळी सुटली नाही.

हे चौथं वर्ष. बिशप साडेपाच वर्षांचा, अकरा टोकं. बाबा त्र्याऐंशी पूर्ण. या वेळी वारा बरोबर होता. व्हर्लिननं उन्हाळ्यात नवीन मचाण बांधलं होतं, रुंद पायऱ्या, दोन्हीकडे कठडे, आत गालिचा, गॅसची शेगडी, गादीची खुर्ची. शनिवारी उजाडायच्या आत बाबांना तिथे बसवून तो पायांचे ठसेसुद्धा पुसत परत आला आणि माझ्या स्वयंपाकघरात फोन समोर ठेवून बसला. तो शेजारी बसला असता तर दोन माणसांचा वास झाला असता.

सात चाळीसला फोन वाजला. नवीन कॅमेरा फोटो थेट पाठवतो. व्हर्लिननं फोटो बघितला आणि फोन माझ्याकडे वळवला. बिशप सलगमाच्या तुकड्यात उभा होता, आडवा, मान खाली, मचाणापासून वीस पावलांवर. मागे मचाणाच्या खिडकीत बाबांची नारिंगी टोपी.

"आता," व्हर्लिन म्हणाला.

आम्ही कान देऊन बसलो. काही नाही. दुसरा फोटो. बिशप पाला खातोय, टोपी तिथेच. तिसरा, चौथा. व्हर्लिन उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. "झोपले," तो म्हणाला. "शेगडी नको होती लावायला. आर्डिस, ते झोपले गं." अकरा मिनिटांत नऊ फोटो आले. दहाव्यात नुसता सलगम होता.

बाबा दहाला आले. व्हर्लिन दारातच म्हणाला, "बाबा, तो आला होता."

"पाहिला की. अकरा मिनिटं होता. काय देखणा आहे रे."

"मग?"

बाबांनी टोपी काढली, खुर्चीत बसले आणि बंदूक टेबलावर ठेवली. ती त्यांच्या वडिलांची एकनळी. तिचा मागचा घोडा अंगठ्यानं ओढून उभा करावा लागतो, त्याशिवाय चाप कितीही दाबा, काही होत नाही. गोळी काढलेली होती. बाबांनी अंगठा घोड्यावर ठेवला आणि ओढला. घोडा हलला नाही. त्यांनी दुसऱ्या हाताचा अंगठाही लावला. घोडा अर्ध्यावर आला आणि सटकला.

"असं," ते म्हणाले.

व्हर्लिननं विचारलं, "केव्हापासून?"

"दोन वर्षं होतील. त्याच्या आधी ओढता येत होता."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलंस कधी? तू वाऱ्याचं विचारत होतास." बाबांचा आवाज चढला नव्हता. "आणि तू एवढं खपत होतास तिकडे. तुझं काम चोख झालं, व्हर्लिन. तू बोलावलास, तो आला. मीच उशिरा पोचलो."

मला भावाला चांगलं फैलावर घ्यायचं होतं. चार वर्षांचं साठलेलं होतं. पण माझ्या डोक्यात दुसरंच आलं. दोन वर्षं रोज सकाळी बाबांच्या शर्टाची बटणं मी लावत होते, आणि ती का लावावी लागतात हे मीही विचारलं नव्हतं.

"माझी रायफल घ्या," व्हर्लिन म्हणाला. "तिला नुसता खटका सरकवायचा असतो."

"तुझी तुलाच राहू दे. मला ती धरताच येत नाही. आणि तो आता काही परत यायचा नाही."

व्हर्लिन निघून गेला. मला वाटलं, आता आठवडाभर तोंड दाखवणार नाही.

रविवारी सकाळी सातला तो आला, टँकरचं डिझेल लागलेलं जाकीट घालून. "बेकन कर," मला म्हणाला. बाबांनी चार पट्ट्या खाल्ल्या आणि दोन कप कॉफी प्यायले. मग व्हर्लिननं स्वयंपाकघरातल्या तीन खुर्च्या उचलल्या.

"तिसरी कुणाला?" मी विचारलं.

"तुला. चल."

वारा आमच्याकडून थेट रानाकडे जात होता. मला यातलं कळत नाही, पण एवढं कळतं. तरी मी बोलले. "व्हर्लिन, वारा उलटा आहे."

"माहितेय मला."

कुरणाच्या टोकाला, जिथे तो ओंडका कुजून गेलाय, तिथे आम्ही तिघं नारिंगी टोप्या घालून ओळीनं बसलो. व्हर्लिननं बाबांच्या पुढ्यात पशुखाद्याची पोती रचली आणि नळी त्यांवर टेकवली. नऊ वाजले, साडेनऊ झाले. माझे पाय गारठले. तेवढ्यात कुंपणाच्या कडेनं एक दीड वर्षाचा नर आला, शिंगांना दोन-दोन टोकं, बेकनच्या वासाकडे नाक वर करून चालत होता. व्हर्लिननं चार वर्षांत असे कितीतरी सोडायला लावले होते.

बाबांनी गाल बंदुकीला लावला. व्हर्लिननं हात पुढे केला, आपला अंगठा बाबांच्या अंगठ्यावर ठेवला आणि दोघांचा मिळून घोडा ओढला. खट्ट आवाज झाला. नरानं मान वळवली.

"मारा, बाबा," व्हर्लिन म्हणाला.

गोळी सुटली. नर दोन ढांगा धावला आणि पडला. माझे कान वाजत होते. आता व्हर्लिन उठून धावेल, रक्त बघेल, वय सांगेल, असं मला वाटलं. तो उठला नाही. बाबांचा अंगठा मुठीत धरून तो मान खाली घालून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते.

"सोड रे आता," बाबा वैतागून म्हणाले. "दुखतोय तो."