दुसरा तांब्या

दिनकर कर्णिक माणसाला समुद्रात सोडण्यापूर्वी त्याच्या मानेवर गरम पाणी ओतत असत. स्टीलचा तांब्या, त्यात थर्मासमधले वाफाळते पाणी, वर थोडे गार घालून बोटांनी अंदाज घेतलेले. जुलैतल्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातल्या सकाळी मेलबर्नजवळच्या राय गावच्या धक्क्यापाशी, पार्किंगमध्ये वारा कानाच्या पाळीला चावा घेऊन मगच पुढे जातो. तिथे हा साठीकडे झुकलेला गृहस्थ आमच्या वेटसूटची गळपट्टी दोन बोटांनी ताणायचा आणि अभ्यंगस्नानाच्या गांभीर्याने तांब्या उपडा करायचा. पाणी कण्यावरून उतरत कमरेशी रेंगाळे, आणि त्या जाड रबराच्या आत कोणीतरी आपल्यासाठी चूल पेटवल्यासारखे वाटे. आसपास आपापल्या गाड्यांतून हवेच्या टाक्या उतरवणारे स्थानिक डायव्हर हा विधी पाहत थबकत. एकाने एकदा विचारलेच, "व्हॉट्स दॅट, मेट?" "होली वॉटर," कर्णिक म्हणाले. तो बिचारा आदराने मागे सरला.

त्या रांगेत मान पुढे करून उभे असणारे आम्ही म्हणजे पॉइंट कुक या उपनगरातली काही मराठी कुटुंबे. हिंजवडीत नोकरी करताना ज्यांनी सिंहगडदेखील मोटारीने सर केला, त्यांना चाळिशीच्या तोंडावर मेलबर्नच्या समुद्रतळाची ओढ लागली होती. माझा नवरा निखिल या ओढीचा प्रकल्प व्यवस्थापक. त्याने अंदमानच्या कोमट पाण्यात, प्रशिक्षकाने मागून बखोट धरलेले असताना, एक डुबकी मारली होती, आणि तेव्हापासून तो स्वतःला समुद्राचा जावई समजत असे. कर्णिक आमच्या समोरच्या घरात राहत. मूळचे अलिबागचे, रेल्वेच्या सिग्नलचे इंजिनियर, आणि या गारठ्यात वर्षानुवर्षे बुडत आलेले. आम्हाला शिकवा, अशी विनंती त्यांना कोणी केली नव्हती. आमच्या डायव्हिंगच्या ग्रुपचा पहिला फोटो पाहून ते स्वतःच रस्ता ओलांडून आले. म्हणाले, "फोटो छान आहे. यातला एकही माणूस परत येणार नाही."

थंड पाण्यात नवख्याने उतरायचे मार्ग दोन. किनाऱ्यावरून उतरायचे तर टाकी पाठीवर आणि बुडण्यापुरते शिसे कमरेला लादून, आपणच आपले हमाल होऊन धक्क्याच्या पायऱ्यांपर्यंत चालायचे आणि घोट्यापासून वर हळूहळू भिजत जायचे. बोटीने जायचे तर बाकावर बसून खोल पाण्यावर पोचायचे, काठाशी उभे राहायचे आणि एक पाऊल शून्यात टाकायचे. आमच्या ग्रुपमध्ये या प्रश्नावर जेवढी चर्चा झाली तेवढी मुलांच्या शाळांवरदेखील झाली नाही, आणि तीही बहुतेकांनी समुद्राला पाय लावण्याच्या आधी.

"काका, किनारा म्हणजे नुसती हमाली," निखिल म्हणे. "बोटीने माणूस फ्रेश पोचतो. पाणी स्वच्छ. तुमच्या धक्क्याखाली आहे काय? शॉपिंग ट्रॉल्या."

"ट्रॉली एकच आहे," कर्णिक म्हणत. "आणि तिच्यात राहणारा ऑक्टोपस तुझ्यापेक्षा कमी बोलतो."

"मग बोटीला प्रॉब्लेम काय आहे?"

"बोट म्हणजे मंगल कार्यालय. एकदा आत शिरलास की आहेर देऊन, पंगतीला बसूनच बाहेर. किनारा म्हणजे आपलं घर. उंबऱ्यातून मागे फिरलास तरी कोणी विचारत नाही."

यावर ग्रुपने आपले संशोधन केले आणि निष्कर्ष काढला की कर्णिकांना बोट लागते. पोटात ढवळण्याची भीती असलेल्या माणसाने उभारलेले ते तत्त्वज्ञान आहे, असे निखिलने जाहीर केले. कर्णिकांना बोटीवर कोणी पाहिलेलेच नव्हते, त्यामुळे हा सिद्धान्त सर्वांना ताबडतोब पटला. कर्णिकांनी तो खोडला नाही. खोडण्याइतका तो त्यांना महत्त्वाचा वाटला नसावा.

त्यांचे सारे लक्ष तांब्यावर असे. पहिला तांब्या ओतताना ते विचारत, "कसं वाटतंय?" आणि आम्ही सगळे, ओठ जांभळे झालेले असतानादेखील, "मस्त" म्हणत असू. मग ते दुसरा तांब्या भरू लागत. मुद्दाम सावकाश. थर्मासच्या तोंडाशी वाफेचा एक पांढरा धागा उभा राही, धक्क्याच्या खांबांवर पाणी आपटून परत जाई. तांब्या मानेशी आणून ते म्हणत, "हं. आता खरं सांग."

"पहिलं उत्तर पाहुण्याचं असतं," असे त्यांचे म्हणणे. "भूक लागलेली असली तरी पहिल्यांदा आपण नकोच म्हणतो, आणि पोट फुटायला आलं तरी वाढणारीला बरं वाटावं म्हणून घेतो. जेवताना ठीक आहे. पाण्याखाली ही सभ्यता जीव घेते."

माझी सभ्यता त्यांनी पहिल्याच डुबकीत पकडली. धक्क्याखाली हिरवा उजेड होता, जुन्या काचेच्या बाटलीतून पाहावा तसा. खांबांवर शेंदरी स्पंज उमललेले, आणि एका शेवाळाच्या दोरीला शेपटी गुंडाळून एक समुद्रघोडा स्वतःच्याच विचारात डुलत होता. माझ्या मास्कमध्ये मात्र पाणी चढत होते आणि थंडीने कपाळात खिळे ठोकले जात होते. कर्णिकांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून खूण केली: ठीक? मी तीच खूण परत दिली. ते हलले नाहीत. तिथेच तरंगत, माझ्या डोळ्यांत पाहत, त्यांनी पुन्हा तीच खूण केली. तेव्हा माझा हात आपोआप आडवा झाला आणि डावीउजवीकडे डुगडुगला. पाण्याखाली त्याचा अर्थ, काहीतरी बिघडले आहे. क्षणात त्यांनी माझा दंड धरला आणि आम्ही वळलो. फार खोल गेलोच नव्हतो, थोड्याच वेळात पाय वाळूला लागले.

"मास्क नाकापर्यंत भरला होता तुझा," पार्किंगमध्ये ते म्हणाले. "आणि मला ओके देतेस. मी काय तुझी सासू आहे?"

पुढे एका सकाळी दुसऱ्या तांब्यावर मी म्हटले, "आज नको." का, ते मलाही सांगता आले नसते. निखिलने दोन तास गाडी चालवल्याची आठवण पापण्यांनीच दिली. कर्णिक मात्र "बरं" म्हणाले आणि मी त्यांची पत्नी शुभाताई यांच्या शेजारी धक्क्यावर बसून उपमा खाल्ला. आकाश कोसळले नाही, निखिलही पाण्यातून ठणठणीत परतला.

त्यानंतर निखिलचा चाळिसावा वाढदिवस आला, आणि अर्थात बोट आली. रायच्या पुढच्या सॉरेंटो गावाहून निघायचे, मेलबर्नच्या उपसागराच्या तोंडाशी जायचे, जिथे प्रवाह इतका ओढतो की भरती आणि ओहोटी यांच्यामधल्या थोड्याशा निवांत वेळातच उतरता येते. ग्रुपवर केकची इतकी चित्रे आली की मूळ निरोप सापडेना. मला जायचे नव्हते. पण नवऱ्याचा वाढदिवस, बोट ठरलेली, मित्र बायकामुलांसह येणार. त्या गर्दीत माझ्या "नको"ला बसायला जागाच नव्हती. मी रस्ता ओलांडून कर्णिकांकडे गेले.

"तुम्ही माझे बडी म्हणून याल?" पाण्यात जोडीनेच उतरतात, एकाने दुसऱ्याला सोडून जायचे नसते, त्या जोडीदाराला बडी म्हणतात.

"मला बोट लागते असं ठरलंय ना?"

"म्हणूनच विचारते. नाहीतर सगळ्यांनी विचारलं असतं."

ते आले. थर्मास आणि तांब्या घेऊन.

उपसागराच्या तोंडाशी पाणी शिशाच्या रंगाचे होते. डिझेलचा वास जिभेवर बसला होता, बोट एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळत होती, आणि हातमोज्यांच्या आत माझी बोटे कुठे संपतात ते मला कळत नव्हते. निखिल आणि त्याचा बडी टाळ्यांच्या गजरात उडी मारून गेले. मग दुसरी जोडी. कर्णिकांनी पहिला तांब्या माझ्या मानेवर ओतला. "कसं वाटतंय?"

"मस्त," मी म्हणाले.

ते थर्मास उघडू लागले. "नो टाइम, मेट," कप्तान ओरडला. "यू टू आर अप." तो काही दुष्ट नव्हता. त्याच्या हातात तेवढाच निवांत वेळ होता आणि त्यात दुसऱ्या प्रश्नाची सोय नव्हती. मी काठाकडे सरकले. आता मी उडी मारणार हे मला ठाऊक होते. तसेच, ती मारल्यावर मला श्वास घेता येणार नाही हेही.

कर्णिकांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. तांब्या खाली ठेवला. बाकावर बसले, पोटावर हात ठेवला आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सॉरी मेट. आय ॲम क्रूक. अँड शी इज माय बडी." क्रूक म्हणजे इथल्या बोलीत आजारी. कप्तानाने एक सुस्कारा टाकून "नो वरीज" म्हटले. मागे बायकामुलांत हशा पिकला. मी त्यांच्या शेजारी बसले आणि कितीतरी वेळाने एक पूर्ण श्वास आत गेला.

खालची मंडळी वर येईपर्यंत बोट तिथेच हेलकावे खात राहिली. त्या हेलकाव्यांत या अत्यवस्थ रुग्णाने शुभाताईंनी दिलेला डबा उघडला आणि साबुदाणा वडे चटणीत बुडवून सावकाश खाल्ले.

"घे," ते म्हणाले.

"नको."

ते डबा पुढे धरून थांबले. मी वडा घेतला.

निखिल ओल्या विजयाने वर आला. "काय काका, लागली ना शेवटी?"

"लागली बाबा."

परतीच्या वाटेवर मी निखिलला सगळे सांगितले. वेस्ट गेट पूल आल्यावर त्याने रेडिओ बंद केला. मग म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?"

"तू एकदाच विचारलंस."

ग्रुपलाही मी सांगितले. कोणाचा विश्वास बसला नाही. तळलेले वडे खाणाऱ्या सत्यापेक्षा बोट लागलेला कर्णिक त्यांना अधिक आवडत होता. पुढच्या उन्हाळ्यात मी बोटीवरून उडी मारली, दुसऱ्यांदा कोणी न विचारता, स्वतःच स्वतःला विचारून. खाली निळ्या कड्यावर प्रकाश पावडरीसारखा उतरत होता. कर्णिकांना सांगितले तर म्हणाले, "बोटीशी माझं भांडण कुठे होतं? नको म्हणता येईपर्यंत किनारा. मग वाटेल तिथून उडी मार."

यंदा डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाचे काही ऐकून डायव्हिंग बंद केले. घर विकून ती दोघे लेकीकडे पर्थला निघाली. ग्रुपने निरोपसमारंभ केला, भाषणे केली आणि बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांचा एक मोठा खोका त्यांना रिबीन बांधून दिला. कर्णिकांनी वेष्टनावरची पथ्ये मोठ्याने वाचून दाखवली आणि आभार मानले. थर्मास मला दिला. तांब्या मात्र ठेवून घेतला. "तो आईचा आहे. थर्मास सेलमधला."

निघायच्या सकाळी टॅक्सी दारात उभी होती. शुभाताई आत खिडक्या तपासत होत्या. वाऱ्यावर उपसागराचा शेवाळी, मिठाचा वास होता. कर्णिक पायरीवर बसले होते, पायांशी बॅग, आणि समुद्राच्या दिशेने पाहत होते. तिथून फक्त कुंपणे दिसतात.

"कसं वाटतंय?" मी विचारले.

"मस्त. पर्थला ऊन आहे, नातू आहे. गरम पाण्याचा खर्च वाचला."

मी हलले नाही. "हं. आता खरं सांगा."

गुडघ्यावरचा त्यांचा हात उचलला गेला, आडवा झाला, आणि डावीउजवीकडे हळूच डुगडुगला.

टॅक्सीवाल्याने काच खाली केली. विमानतळाच्या रस्त्यावर गर्दी आहे, आता निघायला हवे, म्हणाला. मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसले.

"सॉरी मेट," मी त्याला सांगितले. "आय ॲम क्रूक. अँड ही इज माय बडी."