मी धुतलेला स्पंज

आमच्या बाथरूममध्ये पाच मोठ्या बादल्या आहेत आणि त्यातली एकही आंघोळीची नाही. पाचही काठोकाठ भरलेल्या असतात आणि त्यांना हात लावायचा नसतो, कारण त्यांतलं पाणी शिळं होत असतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन घातलेलं असतं. ते दिवसभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं आणि मग ते माशांना चालतं. माणसांना ताजं चालतं, म्हणून माणसांसाठी सहावी बादली आहे, ती चेपलेली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण मी अजून कोपर न आपटता आंघोळ केलेली नाही.

आमचे हे माशांच्या टाक्या सांभाळतात. दवाखान्यांत, ऑफिसांत, लोकांच्या बैठकीच्या खोलीत काचेच्या ज्या टाक्या असतात, त्यांच्याकडे ठरलेल्या वारी जायचं आणि पाणी नीट ठेवायचं. लोक यांना मासेवाले म्हणतात आणि ते यांना मुळीच आवडत नाही. "मासे कोण बघतंय? मी पाणी बघतो," असं म्हणतात, आणि ते अगदी खरं आहे. एखाद्याने हौसेने निळा-लाल मासा आणलेला असतो, तो बिचारा काचेपाशी येऊन मिरवत असतो, आणि हे त्याच्याकडे पाठ करून एका नळीत पाणी घेऊन थेंब मोजत बसलेले असतात. एकमेकांना पाण्यात पाहणारी माणसं आमच्या नात्यात पुष्कळ आहेत, पण रोज नुसतं पाणी पाहणारा माणूस एवढा एकच.

मला बघायला पहिल्यांदा माझ्या माहेरी आले तेव्हा आईने दिलेला पाण्याचा ग्लास यांनी आधी उजेडात धरला, मग वास घेतला, मग प्यायले. आईला वाटलं, मुलगा चोखंदळ आहे. आजही आमच्या ओट्यावर चमच्यांशेजारी काचेच्या नळ्या वाळत असतात. जेवताना हे सांगतात, "आज दातांच्या डॉक्टरांकडे नायट्राइट थोडं वर आहे." चेहरा असा, जणू घरातलंच कोणी आजारी आहे. मी म्हणते, "भाजी वाढू का?"

माझं सांगायचं तर मला घाण बघवत नाही. एका हॉटेलात खोल्यांच्या सफाईवर मी देखरेख करते. चादरीवरचा डाग मला दारातून दिसतो. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जे झालं त्यात माझा हा गुणच नडला.

यांच्या गिऱ्हाइकांत एक बाई आहेत. बत्तीस वर्षं त्यांनी शाळेत जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्या तेव्हा शाळेने प्रयोगशाळेतली टाकी काढून टाकायचं ठरवलं, तर बाईंनी ती आतल्या माशांसकट घरी आणली. छोटे मासे काळाच्या ओघात गेले, नवे आले. एक मात्र तोच राहिला, क्लाउन लोच नावाचा, वीतभर लांब, नारिंगी, अंगावर तीन काळे पट्टे. वय बावीस वर्षं. या जातीला भर दुपारी कुशीवर आडवं पडून झोपायची सवय असते. शाळेचे हेडमास्तरही दुपारी असेच केबिनमध्ये आडवे व्हायचे, म्हणून मुलांनी माशाचं नाव हेडमास्तर ठेवलं. बाईंनीही ते चालू दिलं.

बाई एकट्या राहतात. एक भाचा आहे, तो वाढदिवसाला फोन करतो. घरी येऊन ज्याच्याशी बोलायचं असा हेडमास्तर एकटाच. जिन्यात पाय घसरून बाईंचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा स्ट्रेचरवरून त्यांनी यांना किल्ली दिली आणि म्हणाल्या, "माझं काय व्हायचं ते होईल. त्याला सांभाळा." ऑपरेशन नीट झालं, पण पुढे महिनाभर हॉस्पिटलातच राहून चालायला शिकायचं होतं. या वयात पुष्कळजण उठायचा कंटाळाच करतात म्हणे. बाईंना व्यायाम शिकवणारी मुलगी त्यांना रोज सांगायची, "मासा बघायचाय ना? मग उचला पाय." आणि बाई पाय उचलायच्या.

त्याच आठवड्यात आमच्या बाथरूममधली बादली उचलताना यांची पाठ धरली. डॉक्टरांनी सक्त सांगितलं, आडवं पडायचं. मग बाईंच्या घरी जायची पाळी माझ्यावर आली.

"चिमूटभर खाणं, तेही एक दिवसाआड," हे छताकडे बघत म्हणाले. "दिवा लाव, दिवा बंद कर. बाकी कशाला हात लावू नकोस. कशाला म्हणजे कशालाच."

मी म्हटलं, "बरं."

मंगळवारी हॉटेलातून परस्पर गेले. आधी हेडमास्तरांना कुशीवर पडलेलं बघून माझ्या तोंडचं पाणी पळालं. घरी फोन केला. हे म्हणाले, "कल्ले हलतायत ना? मग झोपलाय." तेवढ्यात माझं लक्ष कोपऱ्यातल्या फिल्टरकडे गेलं. त्यातला स्पंज तपकिरी, बुळबुळीत, हात लावला तर काळं पाणी सुटलं. शेजारी चिनीमातीची छोटी नळकांडी, तीही तशीच. तळाच्या खडीत तर बघायलाच नको. मला खरंच यांची लाज वाटली. एवढी वर्षं लोकांकडून पैसे घेतात आणि ही अवस्था!

मासे बादलीत काढले आणि दोन तास राबले. स्पंज कढत पाण्यात पिळपिळून धुतला. खडी धुतली. नळकांडी दोनदा धुतली. बाईंकडे भरून ठेवलेलं शिळं पाणी होतं, ते टाकीत घातलं, मासे परत सोडले आणि लांब उभं राहून बघितलं. टाकी अशी लखलखत होती की तिथे टाकी आहे हेच कळत नव्हतं. मग माशांना पोटभर खायला घातलं. बुधवारी पुन्हा घातलं. चिमूटभर खाण्यावर कोणी जगतं का?

बाई रोज पाच वाजता त्यांच्याच घरच्या फोनवर फोन करायच्या. बुधवारी त्यांनी विचारलं, "हेडमास्तर जेवले का?" मी म्हटलं, "जेवले." गुरुवारी मी आपणहून सांगितलं, "अहो बाई, मला ओळखायला लागले ते! आज अगदी पुढे आले, मग पार वर, पाण्याबाहेर तोंड काढून सारखी उघडझाप करत होते. जणू काही बोलायचंय माझ्याशी."

पलीकडून बाईंनी विचारलं, "पार वर?" मग म्हणाल्या, "बरं. ठेवते हं."

अर्ध्या तासाने जिन्यात पावलं वाजली. बघते तर हे. कमरेला पट्टा, एक हात कठड्यावर, चेहरा पांढराफटक. खाली टॅक्सी उभी. "घरी पडून कंटाळा आला," म्हणाले. मी तोंडसुख घ्यायला सुरुवात केली, पण यांचं लक्ष नव्हतं. हे टाकीकडे बघत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा पाण्याकडे नाही, माशाकडे.

"स्पंज कुठला हा?"

"तोच. धुतला."

"कशाने?"

"कढत पाण्याने. साबण नाही हं लावला."

"खडी?"

"ती पण."

"आणि नळकांडी?"

"दोनदा," मी म्हटलं. अजूनही मला वाटत होतं, शाबासकी मिळेल.

हे हळूच खुर्चीत बसले. मग सांगितलं. तो तपकिरी बुळबुळा जिवंत होता. माशांच्या घाणीतून जे विष तयार होतं, अमोनिया, ते खाऊन टाकणारे जंतू त्या स्पंजात, खडीत, नळकांड्यांत राहत होते. बावीस वर्षांची वस्ती होती ती, आणि मी ती कढत पाण्याने साफ मारली होती. वर दुप्पट खायला घातलं होतं. हेडमास्तर माझ्याशी बोलत नव्हते. त्यांना श्वास घेता येत नव्हता.

हे ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. नळी माझ्या हातात दिली, थेंब मोजून घालायला लावले आणि म्हणाले, "मला वाकून तक्त्याशी धरता येत नाही. तू रंग सांग. पिवळा आला तर ठीक."

रंग हिरवा आला. "हिरवा," मी म्हटलं, "चांगला हिरवा," आणि जीभ चावली.

त्या दिवसापासून मी बादल्या उचलल्या. निम्मं पाणी रोज बाहेर, निम्मं आत. सहा बादल्या जायच्या, सहा यायच्या, आणि उद्याच्या सहा आज भरून ठेवायच्या. खाणं बंद. हे खुर्चीत बसून सांगायचे, हळू ओत, गरम-गार हाताने बघ, अजून थोडं. आमच्या घरीही यांची एक छोटी टाकी आहे, तिच्यातला जुना, जंतूंनी भरलेला स्पंज मी ओला पिशवीत घालून टॅक्सीने मांडीवर नेला आणि बाईंच्या स्वच्छ टाकीत पिळला. घाण इतकी जपून मी कधी नेली नव्हती. छोट्या चौदा माशांतले नऊ गेले. मी म्हटलं, तसेच नऊ विकत आणू, बाईंना काय कळतंय. हे म्हणाले, "या पाण्यात तेही मरतील. आणि बाईंना कळतं."

पाच वाजता फोन वाजायचा. "जेवले का?" "जेवले." "बरं." हे तेव्हा खिडकीबाहेर बघायचे.

सातव्या दिवशी हेडमास्तर पुन्हा कुशीवर होते, पण ही झोप नव्हती. कल्ले धापा टाकल्यासारखे हलत होते आणि काळे पट्टे राखाडी पडले होते. यांनी काचेवर हात ठेवला आणि तसाच ठेवला. मी स्वयंपाकघरात जाऊन बाईंचं घासलेलं सिंक पुन्हा घासलं. मला माझाच इतका राग आला होता की हाताला दुसरं काही सुचेना. त्या दिवशी ठरवलं, आज सांगून टाकायचं. फोन वाजला. उचलला.

"आज मी आठ पावलं चालले," बाई म्हणाल्या. आवाजात नुसता आनंद.

"जेवले," मी म्हटलं. त्यांनी विचारलंही नव्हतं.

तो जगला. कसा, ते माझ्याकडून नको. हे म्हणतात, पाण्यामुळे. दहाव्या दिवशी हिरवा फिका झाला, पंधराव्याला पिवळट. मग अमोनियाचं नायट्राइट होतं म्हणे, त्याच्या दुसऱ्या बाटलीतल्या थेंबांची जांभळी कटकट सुरू झाली, त्यातून आणखी आठवडा गेला. तेविसाव्या दिवशी एक नळी पिवळी, एक निळी, जशी हवी तशी. हेडमास्तर लाकडाच्या ओंडक्यामागे गेले ते दिसेनातच. मी घाबरले. हे खुशीत आले. "दिसत नाही म्हणजे बरा आहे," म्हणाले. "हा लाजरा मासा आहे. बरा असला की तोंड दाखवत नाही."

बाई चार पायांची काठी टेकत घरी आल्या. टाकीसमोरच्या खुर्चीत बसल्या. ओंडक्यामागे शेपटी हलली ती त्यांनी बघितली आणि डोळे पुसले. मग छोटे मासे मोजले. पाच.

"बाई," मी म्हटलं, "मी स्पंज धुतला. हे नाही, मी. यांनी सांगितलं होतं, हात लावू नकोस. आणि तुमच्याशी मी रोज खोटं बोलले."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "नव्या माणसासमोर तो महिना-महिना बाहेर येत नाही. तुम्ही तिसऱ्या दिवशी म्हणालात, वर येऊन तोंड उघडतोय. मी लगेच यांना फोन केला."

मी यांच्याकडे बघितलं. हे पाण्याकडे बघत होते.

"मग मला बोलला का नाहीत?"

"मनात खूप बोलले. पहिले तीन दिवस इतकी चिडले होते की नर्सने दोनदा बीपी मोजलं." बाईंनी काठी भिंतीला टेकवली. "पण यांची पाठ गेलेली, मी तिथे पडलेली. तुम्हाला बोलले असते आणि शरमेने तुम्ही यायचं थांबवलं असतं, तर बादल्या कोणी उचलल्या असत्या? म्हणून रोज फोन करत राहिले. फोन यायचा म्हणून तुम्हाला इथे असावं लागायचं."

पंगू होऊन खाटेवर पडलेली बाई रोज पाच वाजता माझं खोटं ऐकून घेत होती आणि "बरं" म्हणत होती. तिच्या हातात तेवढंच होतं. मला तिच्यापुढे उभं राहवेना. मी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, चुकले. ती म्हणाली, "हो, चुकलात."

जिना उतरताना मी यांना विचारलं, "बाईंना कळलंय हे इतके दिवस माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"शेजारी बसून मला खोटं बोलू दिलंत?"

"सांगितलं असतं तर तू रडली असतीस," हे एकेक पायरी जपून उतरत म्हणाले. "रडताना नळीतला रंग नीट दिसत नाही. आणि मला वाकता येत नव्हतं."

टॅक्सीत बसेपर्यंत मी कळ काढली. मग रडले, अगदी हमसून. यांनी खिशातून रुमाल काढून दिला. तो तपकिरी होता, ओलसर होता आणि त्याला टाकीचा वास येत होता. मी तो घट्ट तोंडावर दाबून धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.