मावशीचं पाच-नऊ

एका जागी पाच मिनिटं बसलेली माझी मावशी ठाण्याच्या अख्ख्या नौपाड्यात कुणी पाहिलेली नाही. बँकेत होती तेव्हासुद्धा म्हणे ती उभ्यानेच सह्या करायची. निवृत्त झाल्यावर तिच्या मैत्रिणी भजनी मंडळात गेल्या. मावशी हौशी वायरलेसच्या सरकारी परीक्षेला बसली, पास झाली, आणि परवाना हातात पडल्याच्या आठवड्यात गच्चीवर टाकीशेजारी एरियलचा बांबू उभा राहिला. "यावर वीज पडली तर?" असं सोसायटीच्या सेक्रेटरींनी घाबरत विचारलं, तेव्हा "तुमच्याआधी मला कळेल," असं सांगून तिने त्यांना निश्चिंत केलं.

समोरच्याचा आवाज कसा येतोय हे वायरलेसवाले आकड्यांत सांगतात. स्पष्टपणा पाचपैकी, जोर नवापैकी. पाच-नऊ म्हणजे उत्तम. मावशीने ही पद्धत सगळ्या नातेवाइकांना लागू केली. मी डोंबिवलीहून फोन केला की दोन वाक्यांतच, "तीन-चार येतोयस, खिडकीशी जा!" माझ्या भावाच्या लग्नात नव्या नवरीने लाजत लाजत उखाणा घेतला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मावशी मागून ओरडली, "शब्द पाच, जोर दोन! परत घे!" बिचारीने परत घेतला, आणि असा घेतला की खालच्या हॉलमधली माणसं जिन्यात येऊन बघून गेली.

पण तिची खरी कमाई म्हणजे तिचा ग्रुप. ठाण्यापासून पार खडवलीपर्यंत आपापल्या घरात एकेकटे सेट घेऊन बसलेले हौशी लोक तिने शोधून काढले आणि मोबाइलवर एकत्र आणले. कोण किती वाजता सेटवर येणार हे आधी कळलं तर गाठ पडेल, एवढाच हेतू. प्रत्यक्षात मावशी गच्चीत बांबू वीतभर फिरवायची आणि ग्रुपवर टाकायची, "आता?" पुन्हा वीतभर, पुन्हा "आता?" एका सकाळी असे एकतीस "आता?" आले. माझी आई चुकून त्या ग्रुपात होती. शेवटी तिने लिहिलं, "अगं, आता काय?"

या मंडळीत खडवलीचे एक गुरुजी होते. निवृत्त शिक्षक, रोज सकाळी सातला हजर, आणि मावशीला नेहमी पाच-नऊ देणारे. मावशी ते पाच-नऊ दागिन्यासारखं मिरवायची. मग एके दिवशी गुरुजी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. ग्रुपवर विचारलं तर "तब्येत ठीक आहे" एवढंच उत्तर. मावशीने चार दिवस घरात येरझाऱ्या घातल्या आणि पाचव्या दिवशी मला फोन केला, "रविवारी खडवलीला चल. कारणं सांगू नकोस."

नदीकाठच्या घराच्या अंगणात गुरुजी शेंगा सोलत बसले होते. मावशीने फाटकातूनच हाक मारली. त्यांनी मान वर केली नाही. सूनबाईंनी खांद्याला हात लावला तेव्हा ते दचकून उठले. "दोन्ही कान गेलेत," ती हळूच म्हणाली. "मशीन लावूनही शब्द कळत नाहीत. कुणाला सांगू नका म्हणाले."

आत सेटवर इस्त्री केलेला टॉवेल घातला होता. मावशीने तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवर टाइप करून त्यांच्यापुढे धरलं, "मग इतके दिवस मला पाच-नऊ कसं देत होतात?"

गुरुजी ओशाळले. "तुम्ही बोललात की सेटवरचा दिवा लुकलुकायचा ना ताई. तुम्हीच असणार, दुसरं कोण सातला येतंय? ऐकू येत नाही असं कुठल्या तोंडाने सांगू? शेवटी खोटं बोलवेना, म्हणून सेटच झाकला."

मावशीने मोबाइल खाली घेतला. मग तिने टॉवेल काढला, ग्रुपवर भराभर काहीतरी लिहिलं आणि गुरुजींचा मोबाइल त्यांच्यासमोर ठेवून त्यांच्या हातात माइक दिला. "बोला," तिने खुणेने सांगितलं. गुरुजींनी चाचरत नमस्कार केला, नाव-गाव सांगितलं, आणि थांबले. समोरचा मोबाइल उजळला. कल्याणहून कुणीतरी लिहिलं होतं, "ऐकलं, गुरुजी." मग ठाकुर्लीहून. मग टिटवाळ्याहून, "आवाज ओळखला!" गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा माइक तोंडाशी नेला. त्या दिवशी ते पाऊण तास बोलले.

आता रोज सकाळी सातला गुरुजी बोलतात, आणि बाकीचे सेटवर जे बोलतील ते मावशी शब्द न् शब्द लिहून त्यांना पाठवते. "ठाकुर्लीवाले खोकताहेत" हेही लिहिते. त्यासाठी ती खुर्चीत बसते, चक्क तासभर. मध्यंतरी मी तिच्याकडे राहायला गेलो होतो, तेव्हा एकदा गुरुजींनी सेटवरून विचारलं, "ताई, दोन बोलण्यांच्या मध्ये ती खरखर यायची, ती अजून येते का हो?"

मावशीने सेटचा आवाज वाढवला. कुणी बोलत नव्हतं. ती बराच वेळ ऐकत राहिली, काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी मी तिच्या खांद्यावरून पाहिलं.

"येते," एवढंच तिने लिहिलं होतं, "तुमच्या नदीच्या पाण्याचा आवाज असतो ना गुरुजी, तशी."