पुढची रेकॉर्ड अजून आलेली नाही

दशरथकाकांच्या लाऊडस्पीकरवर पाच गाणी झाली की एक मिनिट काहीच वाजत नसे. लग्न असो, बारसं असो, चौदा एप्रिलची जयंती असो. पाचवी रेकॉर्ड संपली की काका सुई उचलत, माईक तोंडाशी धरत आणि घसा साफ करून सांगत, "गुलाबराव आणि पार्टीची पुढची रेकॉर्ड अजून आलेली न्हाय. येनार हाय. तवर थांबावं." आणि ते खरंच थांबत. भोंग्यातून नुसती घरघर येत राही. परगावच्या वऱ्हाडाला वाटे, बॅटरी उतरली. कोणीतरी ओरडे, "ओ स्पीकरवाले, झोपला का?" आमच्या गावचं माणूस त्याला शांतपणे सांगे, "मिनिट चाललंय. होईल आत्ता."

काकांकडे रेकॉर्डचा लाकडी खोका होता. त्यात भीमगीतं गाणाऱ्या गुलाबरावांच्या पाच रेकॉर्ड आणि त्यांच्या शेजारी सहावं रिकामं पाकीट. पाकिटावर निळ्या शाईत लिहिलं होतं, 'गुलाबराव – नवीन'. अक्षर माझं होतं. काकांना लिहिता येत नसे, म्हणून त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं. त्या पाकिटात दुसरी रेकॉर्ड ठेवायची कोणाची हिंमत नव्हती. एकदा मीच घाईत ठेवली, तर म्हणाले, "पावन्याच्या ताटावर बसतोस व्हय रं?"

हे सगळं सुरू झालं बहात्तरच्या दुष्काळात. आमचं गाव लोहाऱ्याच्या अलीकडे, माळावर. त्या साली सारं गाव तलावाच्या कामावर खडी फोडायला होतं. मी नुकताच मॅट्रिक झालेला, नोकरी नाही, म्हणून मीही हातोडा घेऊन बसलेलो. दशरथकाका आणि पारूकाकू माझ्या शेजारच्याच ढिगावर. दुपारी सरकारी सुकडीचं पीठ वाटायच्या वेळी काका आपला सेट लावत. एका दुपारी खुद्द गुलाबरावांची पार्टी तिथं आली. दुष्काळी कामांवर फिरून गात होते. हार्मोनियम, ढोलकी, बँजो आणि पांढऱ्या धुळीत पांढरेच झालेले गुलाबराव.

ते आले तेव्हा पारूकाकू फोडता फोडता काहीतरी गुणगुणत होत्या. दगड फुटत नसला की त्या दगडाशीच भांडत:

सांग रं दगडा, पानी कुठं?
न्हाय सांगत तर घाव ह्यो घे.

गुलाबराव थबकले. "बाई, परत म्हणा बरं." काकूंनी आधी पदर तोंडाला लावला, मग म्हटलं, आणि 'घाव ह्यो घे'ला हातोडा आपटून दाखवला. गुलाबरावांनी तिथंच बसून त्याच्याभोवती गाणं बांधलं. तासाभरात पार्टीनं ते गायलं. दोन-अडीचशे माणसं हातोडे थांबवून ऐकत होती आणि 'घाव ह्यो घे' आलं की सगळी मिळून एक घाव घालत होती. जाताना गुलाबराव म्हणाले, "पुढच्या रेकॉर्डमध्ये हेच गाणं पहिलं."

आम्हाला ध्रुवपद पाठ झालं, पहिलं कडवं बरंचसं आलं, दुसरं कोणालाच आठवेना. मी एकदा ते जुळवायचा प्रयत्न केला तर काकांनी मला गप्प केलं. "अंदाजानं गायचं न्हाय. रेकॉर्ड येईल. तवा कळंल." म्हणून ते गाणं आमच्या वस्तीत कोणी पुरं गात नसे. त्याची वाट बघत असे.

वर्षं गेली. पाऊस आला, पुन्हा गेला. रेकॉर्ड नाही. काका दोन-तीन महिन्यांनी एसटीनं सोलापूरला जात आणि रेकॉर्डच्या दुकानात विचारत. दुकानदार आधी म्हणे, "पुढच्या महिन्यात." मग म्हणे, "गुलाबराव आजारी आहेत म्हणे." मग तर काका रस्ता ओलांडताना दिसले की तो आतूनच हात हलवी. काका तसेच परत फिरत. घरी आले की काकू विचारत, "काय म्हनला?"

"हात हलवला."

"आली म्हनून हलवला का न्हाय म्हनून?"

"तुला सगळी थट्टाच सुचती."

"मग काय करू? म्या जायच्या आत आली म्हंजे झालं. गुलाबरावांनी माजी ओळ नीट घातलीया का, त्येवडंच बगायचं हाय मला. 'ह्यो' जोरात म्हनाया पायजे. न्हाय तर दगड कशाला ऐकतोय."

गावात दूध सोसायटीची नवी इमारत झाली, तेव्हाची गोष्ट सगळे सांगतात, पण मी तिथं होतो. उद्घाटनाला जिल्ह्याचे पाहुणे येणार. सेट काकांचाच. पाच गाणी झाली आणि काकांनी माईक उचलला. चेअरमन धावत आले. "दशरथ, आज ते मिनिट-बिनिट नको. पाहुणे खोळंबलेत. सिनेमाचं एखादं लाव."

"लावतो की. मिनिट झाल्यावर."

"अरे, पाहुणे थांबलेत म्हणतो ना."

"आमी सात वर्सं थांबलोय, चेअरमनसायेब. पावन्यास्नी येक मिनिट जड जातंय व्हय?"

चेअरमननी स्वतःच हात घालून बटण फिरवायला घेतलं. काकांनी बॅटरीची वायर काढली, भोंगे उतरवले, बैलगाडीत घातले आणि निघाले. पाहुण्यांनी माईकशिवाय, नुसत्या तोंडानं भाषण केलं. मागच्या बाजूची मंडळी कडब्याच्या भावाचं बोलत बसली. त्या दिवसापासून सोसायटीला सेट लोहाऱ्याहून येऊ लागला, आणि सोसायटीच्या मागं बाकीची लग्नंही गेली. वस्तीतली शहाणी माणसं काकांना समजवायला आली. "एका मिनिटापायी धंदा घालवला." काका म्हणाले, "मिनिट माजं न्हाय. गुलाबरावांचं हाय. दुसऱ्याची ठेव मी कशी मोडू?" काकूंनी सगळ्यांना चहा दिला आणि नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "बरं केलं. पर गाडीत घालताना भोंगा चेपलाय. त्येवडा ठोकून घ्या."

आता माझ्याविषयी लिहायला हवं. इतके दिवस मी काकांविषयी लिहायचं टाळत आलो ते याच कारणानं.

मला पुण्यात नोकरी लागली. काका एसटीपर्यंत सोडायला आले. खिडकीतून म्हणाले, "पुणं मोठं हाय. तिथं आदी येत आसंल. आली की घिऊन ये. न्हाय आली तर कार्ड टाक." मी हो म्हटलं. आणि सांगायची गोष्ट अशी की रेकॉर्डचं दुकान माझ्या ऑफिसपासून चाळीस पावलांवर होतं. त्याच्या शेजारी चहाची टपरी, तिथं आम्ही पाच-सहा जण रोज उभे असायचो. माझ्या आडनावावरून कोणाला काही अंदाज येत नसे आणि मीही तो येऊ दिला नव्हता. त्या दुकानात जाऊन गुलाबरावांच्या पार्टीची रेकॉर्ड मागायची म्हणजे मी कोण, कुठल्या वस्तीतला, हे चहाच्या घोटाबरोबर सगळ्यांना सांगायचं. मी गेलो नाही. दर दोन-तीन महिन्यांनी कार्ड मात्र टाकत राहिलो: 'चौकशी केली. रेकॉर्ड अजून बाजारात आलेली नाही.'

काका ते कार्ड कोणाकडून तरी वाचून घेत, पाठ करत आणि माईकवर सांगत. "पुन्याहून पत्र आलंय. चौकशी केलीया. आजून आलेली न्हाय." माझं खोटं माळावरून पलीकडच्या गावापर्यंत ऐकू जात होतं.

एकदा रजेवर गेलो तेव्हा काकू अंथरुणावर होत्या. उन्हाळा, ताप, अंगात काही उरलं नव्हतं. मला बघून उठून बसल्या. "दुकानदारानं नीट बगितलं व्हतं का रं? वरच्या फळीवर बी?"

"बघितलं, काकू."

"मग न्हाय आली," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. आठ दिवसांनी गेल्या.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी, एका रविवारी, पुण्यात नदीपलीकडच्या वस्तीतून चाललो होतो. एका शिंप्याच्या दुकानात टेप चालू होता. पाय आपोआप थांबले. सांग रं दगडा, पानी कुठं. आवाज गुलाबरावांचाच, पण थकलेला, तळाला चिरलेला. मी आत जाऊन विचारलं, "ही रेकॉर्ड कधी आली?"

शिंपी मशीन न थांबवता म्हणाला, "रेकॉर्ड कुठली साहेब, कॅसेट आहे. दोन वर्षं झाली असतील. रेकॉर्डी आता कोण काढतंय?"

म्हणजे सोलापूरचा दुकानदार हात हलवत होता तो खोटा नव्हता. काका तबकडी मागत होते आणि तबकडी येणार नव्हतीच. दुकानात पाऊल टाकून मी एक प्रश्न विचारला असता, तर पहिल्याच कार्डात खरं कळलं असतं. काकू तेव्हा धडधाकट होत्या.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी, सगळे उभे असताना, मी त्या दुकानात शिरलो आणि मोठ्यानं नाव सांगून कॅसेट मागितली. बाहेर आल्यावर एका सहकाऱ्यानं विचारलं, "काय घेतलंस?" मी सांगितलं. आमच्या वस्तीतलं गाणं आहे, असंही सांगितलं. तो "अच्छा" म्हणाला आणि चहा पीत राहिला. या एका 'अच्छा'ला मी दोन वर्षं भ्यायलो होतो. गावी न्यायला टेपरेकॉर्डर त्यानंच दिला.

काका दारात चेपलेल्या भोंग्याला रंग देत बसले होते. मी कॅसेट त्यांच्या हातात ठेवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दुकान, टपरी, कार्डं. त्यांनी ब्रश डब्यात ठेवला.

"कवा आली व्हती ही?"

"दोन वर्षं झाली."

"म्हंजे पारू व्हती."

"होय."

त्यांनी कॅसेट उलटीसुलटी करून बघितली. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. मग उठले, भोंगा ओलाच उचलला. "तुजी कार्डं म्या माईकवर सांगितली. सगळ्या गावाला. आता तू सांग."

"काका, मी तुमच्या पाया पडतो..."

"पाया नगं पडू. माईक धर. नाव सांग, वस्ती सांग, दुकानात का गेला न्हाईस ते सांग. लपून र्‍हाऊन काय मिळालं ते बी सांग."

दुपार कलली होती. विहारासमोर सेट लागला. माणसं शेतातून परतत होती, सोसायटीवर दुधाच्या किटल्या घेऊन रांग होती. भोंग्याचं तोंड काकांनी मुद्दाम तिकडंच केलं. मी बोललो. सुरुवातीला पुटपुटत होतो, तर काका म्हणाले, "जोरात. चेअरमनलाबी ऐकू जाऊ दे, आमी कशासाठी थांबलो व्हतो." मी माझं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, वस्तीचं सांगितलं. मी लाजलो म्हणून कॅसेट दोन वर्षं उशिरा आली आणि पारूकाकूंना ती ऐकायला मिळाली नाही, हे सांगितलं. किटल्यांची रांग तशीच उभी होती.

मग काकांनी टेपसमोर माईक धरला. गाणं सुरू व्हायच्या आधी गुलाबराव दोन वाक्यं बोलत होते: "ही ओळ आम्हाला दुष्काळात खडीवरच्या एका माउलीनं दिली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं."

काकांनी खटकन टेप थांबवला. माईक आपल्याकडे वळवला. "पारूबाई दशरथ," ते म्हणाले. "तिचं नाव पारूबाई." आणि पुन्हा बटण दाबलं.

'घाव ह्यो घे' आलं तेव्हा 'ह्यो' जोरात होतं. काकूंनी मान डोलावली असती. दुसरं कडवं ऐकायला सगळी वस्ती पुढे सरकली. ते पाण्याविषयी होतं. ज्या तलावाची खडी आम्ही फोडली, त्याचं पाणी आमच्या ओंजळीत कधी येणार, असं विचारणारं. मला वाटतं, आम्ही ते विसरलो नव्हतो. इतक्या वर्षांत तो प्रश्न रोजचाच झाला होता, म्हणून गाणं वाटेनासा झाला.

पुढच्या जयंतीला मी रजा काढून गेलो. पाच गाणी झाली, मग टेपवर हे गाणं. नाव घेण्यापुरता टेप थांबवून काकांनी ते पुरं वाजवलं. मला वाटलं, आता मिनिट संपलं. काकांनी रिकामं पाकीट खोक्यातून काढलं, सरळ करून परत ठेवलं आणि माईक घेतला. "गुलाबराव आणि पार्टीची पुढची रेकॉर्ड अजून आलेली न्हाय. येनार हाय. तवर थांबावं."

एक पोरसवदा वाजंत्री म्हणाला, "काका, आली की आता."

"तिच्यात नाव न्हाय," काका म्हणाले. "नाव घातलेली यायची हाय."

"अवो, गुलाबराव तर गेले की गेल्या महिन्यात."

"पार्टी हाय ना?" काका म्हणाले. "थांब गुमान."

आणि आम्ही थांबलो. त्या दिवशी पहिल्यांदा मला ती घरघर रिकामी वाटली नाही.

दशरथकाका गेल्याला आता काही वर्षं झाली. सेट कोणी तरी नेला, खोका माझ्याकडे आहे. पुण्यात आमच्या इमारतीत चौदा एप्रिलला मी खिडकी उघडून टेप लावतो. नाव घेण्यापुरता थांबवतो, नाव घेतो, पुन्हा लावतो. गाणं संपलं की एक मिनिट काही लावत नाही. शेजारचे दार वाजवून विचारतात, टेप बिघडला का?

मी सांगतो, पुढची रेकॉर्ड अजून आलेली नाही.