दोड्डम्मा गळाला लागली

"मासा पकडा, फोटो काढा, सोडून द्या," असं सहलीच्या जाहिरातीत होतं, म्हणूनच मी तयार झाले. पुण्याहून आलेल्या आमच्या व्याह्यांना इथला राजवाडा दोनदा दाखवून झाला होता. तिसऱ्यांदा दाखवायची माझी तयारी नव्हती.

बोगादीच्या घरून सकाळी गाडीने निघालो. हुणसूरपर्यंत रस्ता उत्तम, पुढे बेट्टदपुरकडे वळलात की कंबर सांभाळा. वाटेतच इडली खाऊन घ्या, नदीवर काही मिळत नाही.

आधी कावेरीकाठच्या देवळाशी थांबलो. तिथल्या पायऱ्यांपाशी येणारे मासे देवाचे. त्यांना कुणी धरत नाही, रागीचे, म्हणजे नाचणीचे, गोळे घालतात. आम्हीही घातले. लहान मासेच आले.

गोळे विकणारी बाई कन्नडमध्ये म्हणाली, "दोड्डम्मा आज आली नाही. कुणाला तरी शोधत असेल."

दोड्डम्मा म्हणजे थोरली मावशी; पायऱ्यांवरच्या सगळ्यात मोठ्या माशाला तिथे असं म्हणतात. असल्या गोष्टींना हसायला कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलं होतं. मी हसले.

नदीच्या खालच्या अंगाला आयोजक मंजू टोपलीसारखी गोल होडी घेऊन उभा होता.

"इथे परवानगी आहे ना?"

"आहे अम्मा, चिंते माडबेडि." काळजी करू नका, म्हणे.

आमिष कसलं, तर रागीचा गोळा. तो मीच वळला. व्याही मोबाइल सरसावून बसले, गळाची काठी माझ्या हातात.

वारा नव्हता, तरी होडी हळूहळू फिरत होती. मग दोरी ताणली गेली, आणि पुढे काहीच नाही. झटका नाही, ओढ नाही. मी काठीचं चाक फिरवत गेले तसं काहीतरी जड, निमूटपणे वर आलं. महाशीर. उभा केला तर माझ्या खांद्याला लागेल एवढा, खवले तळहाताएवढे. होडीला लागून तो थांबला आणि तोंड उघडून वाट पाहू लागला, देवळाच्या पायऱ्यांशी पाहतात तशी.

माणसाच्या हाताला तो भीतच नव्हता.

मंजूने जाळं घालून त्याला आत ओढलं. "हॉटेलवाला खूश होईल."

"बिडि," मी म्हटलं.

"विहीणबाई, तुम्ही? बिडी?" व्याही खिसे चाचपू लागले. "माझ्याकडे सिगारेट आहे."

"सोड म्हणतेय मी त्याला, कन्नडमध्ये. मासा सोड."

"अम्मा, इष्टु दोड्ड मीनु यारु बिडतारे?" एवढा मोठा मासा कोण सोडतं, म्हणे.

"जाहिरातीत तूच सोडतोस. की हा कुठल्या पायऱ्यांवरचा ते देवळात जाऊन विचारू?"

कल्ले मंदावत चालले होते. मनात मी त्या माशाला 'ती' म्हणू लागले होते. मंजूचं हसू गेलं. त्याने गळ काढला, तिला पाण्यात लोटलं.

ती आडवी पडली. बऱ्याच वेळाने सरळ झाली, पण गेली नाही. काठापर्यंत होडीच्या बरोबरीने आली, तोंड उघडं, ओठातून रक्ताची बारीक रेघ. माझ्या मुठीत एक गोळा उरला होता. दिला असता, तर पुढच्या गळालाही ती अशीच आली असती. मी हात मागे घेतला. व्याह्यांनी फोटो काढला नाही.

तुम्ही जाणार असाल तर देऊळ किती जवळ आहे ते स्वतः पाहा. आयोजकाच्या जिभेला हाड नसतं.

दुसऱ्या दिवशी जेवायला रागीचे मुद्दे, म्हणजे उकडीचे गोळे, केले. पहिला गोळा वळून झाला आणि हात पानाकडे न जाता खाली गेला, हात धुवायला ठेवलेल्या घंगाळातल्या पाण्याकडे.

"विहीणबाई," व्याही हळूच म्हणाले, "तिथे काही नाही."

ते मलाही दिसत होतं. तरी मी थोडा वेळ तशीच थांबले.