कालीपाच्या दोरीवरची बंडी

रोज सकाळी चहाच्या आधी सागिनाली बायकोच्या दंडाला प्रेशरचा पट्टा बांधायचा. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत त्याने स्वतःची चहाची वाटीसुद्धा उचलून ठेवली नव्हती. पण गेल्या उन्हाळ्यात बुरूलचाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि हे यंत्र घरात आलं, तसं ते त्याने कोणाच्या हाती लागू दिलं नाही. रबरी फुगा दाबताना तो श्वास रोखून धरायचा. आकडा मोठा आला की हळूच म्हणायचा, "एकशे साठ. आज नको."

"काय नको?" बुरूलचाने एकदा विचारलं होतं.

"गोठ्यात जाऊ नको म्हणतोय. दुसरं काय?"

आकडा मोठा आला की नवऱ्याचे खांदे सैल पडतात, हे तिला फार लवकर कळलं. शाळेच्या मुलाला मास्तर आजारी असल्याचं कळावं, तसा तो सुटल्यासारखा बाहेर जायचा. कशातून सुटायचा, हेही तिला ठाऊक होतं. आपल्याला ते ठाऊक आहे, एवढंच तिला कोणाला सांगता येत नव्हतं.

त्यांची धाकटी मुलगी झिपार तलासला दिलेली होती, दोन खिंडींच्या पलीकडे. बुरूलचा राजधानीच्या इस्पितळात होती, त्याच आठवड्यात शेतावरून परतताना ट्रॅक्टरची ट्रॉली कालव्यात उलटली आणि झिपार गेली. दिलेली मुलगी सासरची, तिला माती मिळाली ती सासरच्या टेकडीवर. इकडून सागिनाली, मुलगा तालाय आणि बुरूलचाची थोरली जाऊ कालीपा तलासला जाऊन आले. येताना गाडीतच ठरलं की आईचं हृदय नुकतं शिवलंय, चाळीस दिवस जाऊ देत, मग सांगू. चाळीस दिवस गेले, तेव्हा गवत कापायचं होतं. गवत झालं, तोवर थंडी आली. सांगायला गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून तयार होती. झिपार नवऱ्याबरोबर रशियात गेलीय, कुठल्याशा दूरच्या गावात शिवणाच्या कारखान्यात आहे, आणि तिथून फोन लागत नाही.

ही गोष्ट बुरूलचाने बरोबर नऊ दिवस खरी मानली.

इस्पितळातून आल्यावर दहाव्या दिवशी ती कालीपाची चाळण परत द्यायला तिच्या घरी गेली. अंगणात कोणी नव्हतं. दोरीवर धुणं वाळत होतं आणि त्यात, दोन चादरींच्या मधे, एक काळी मखमली बंडी उलटी करून टाकलेली होती. बुरूलचा नमदे, म्हणजे लोकर थापून केलेले जाड गालिचे, शिवणारी बाई होती. पंचक्रोशीत कोणाचा टाका कसा पडतो, हे ती हात लावून सांगायची. ही बंडी तिनेच झिपारच्या लग्नासाठी शिवली होती, कडेला मेंढ्याच्या शिंगांची नक्षी होती आणि अस्तराला लाल दोरा, कारण त्या दिवशी काळा संपला होता.

मुलगी रशियात जाताना आपली लग्नातली बंडी काकूला देऊन जात नाही. ती बंडी कालीपाच्या घरी यायला एकच वाट होती. बाईमाणूस गेलं की जवळच्या चार-पाच जणी तिला शेवटची आंघोळ घालतात आणि तिचे कपडे आपसांत वाटून घेतात.

बुरूलचाने चाळण पायरीवर ठेवली. बंडी सुलटी करून नीट चिमटा लावला, उन्हाने मखमल विटू नये म्हणून पुन्हा उलटी केली, आणि घरी आली. त्या दिवसानंतर तिने झिपारचं नाव काढलं नाही. घरात कोणी विचारलंही नाही की ही का विचारत नाही.

आता कोणी म्हणेल, मग हंबरडा का फोडला नाही? पण इकडे मरणाची बातमी तोंडाला येईल तशी सांगत नाहीत आणि घेतही नाहीत. चार वडीलधारे सकाळी सकाळी दारात येतात, चहाला नको म्हणतात, आणि एक जण आडवळणाने सुरुवात करतो, की कळपातलं एक जनावर वाट चुकलं, तळ्यावरचा एक पक्षी उडाला. ऐकणारा समजत जातो. याला 'ऐकवणं' म्हणतात. ऐकवल्यावर बाईला काळा रुमाल बांधतात. ती भिंतीकडे तोंड करून बसते आणि गेलेल्याचं नाव घेऊन मोठ्याने आळवते. येईल तो दारातूनच तिच्या रडण्यात आपलं रडणं मिसळतो. वर्षभर ते रडणं तिच्या हक्काचं असतं. वर्षाचं जेवण झालं की रुमाल उतरतो आणि आळवणं बंद होतं, कायमचं. बुरूलचाला कोणी ऐकवलंच नव्हतं. न ऐकवलेल्या बाईने रडायला बसावं, तर घरच्या सगळ्यांना तोंडावर खोटं पाडल्यासारखं. कालीपाची बंडी उघडी पडणार, तालायची बायको बेगाइम रोज सासूला आईच्या नात्याने 'आपा, झिपारचा निरोप आला' म्हणत होती ती मेल्याहून मेली होणार. आणि खरं सांगायचं तर आणखी एक होतं. जे कोणी बोललं नाही ते अजून पुरतं झालेलं नाही, असंही तिला कधीकधी वाटायचं. त्या बातमीच्या दाराला घरच्यांनी बाहेरून कडी लावलेली होती, पण आतून तिनेही हात टेकवलेला होता.

हिवाळाभर ती खिडकीशी बसून नमदा शिवत होती. संध्याकाळी तो उसवत होती. टाका वाकडा गेला, म्हणायची. बेगाइमने जवळ जाऊन पाहिलं, तर एकही टाका वाकडा नव्हता.

तोंडाची चव गेली. एकदा भाकरीच्या पिठात तिने तीनदा मीठ घातलं आणि सगळ्यांनी ती खारट भाकरी एक शब्द न बोलता खाल्ली. त्याचंच तिला जास्त लागलं. 'अगं, आंधळी झालीस का' असं कोणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. गाय पिळताना हात मधेच थांबायचे आणि आपण इथे कशाला बसलोय ते आठवायचं नाही. कधी भरल्या घरात एकाएकी छाती आवळून यायची. हवा असायची, पण आत जायची नाही.

गावच्या दवाखान्यातली गुलसुन तपासायला आली. पोरगी हुशार, बोलायला फटकळ. तिने छातीला नळी लावली, दोनदा ऐकलं.

"आपा, तुमचं हृदय माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. हे मनाचं आहे."

"मनाचं म्हणजे कुठलं गं?"

"काहीतरी कोंडून बसलंय आत. ते बाहेर काढा. कोणाशी तरी बोला."

"कोणाशी बोलू? तुझ्याशी बोलू?"

गुलसुनने मान खाली घातली आणि पिशवीत उगाच काहीतरी शोधायला लागली. तिलाही माहीत होतं, अख्ख्या गावाला माहीत होतं. शेवटी तिने झोपेच्या थेंबांची बाटली काढून दिली आणि चहाही न घेता गेली.

मार्चमध्ये शेजारच्या लग्नाला बायकांची पंगत बसली होती. नवऱ्यामुलाची एक मावशी परगावाहून आलेली, जाडजूड, सोन्याचे दात, सगळ्यांची चौकशी करणारी. तिने बुरूलचाकडे मोर्चा वळवला.

"काय गं, तुझी धाकटी रशियात ना? आईला पार विसरली की काय? एखादी शाल तरी पाठवायची मेलीने!"

चमचे थांबले. कालीपाच्या हातातली वाटी तशीच हातात राहिली. बेगाइमचं तोंड पांढरंफटक पडलं. वीस-पंचवीस बायका ताटात बघत होत्या आणि बुरूलचाला दिसलं की आता यांना सोडवणारी आपणच.

"शाल कशाला," ती म्हणाली, "जावईच परत पाठवते म्हणाली. घोरतो म्हणे फार."

अख्खी पंगत हसली. इतक्या मोठ्याने हसली, की मावशीला वाटलं आपणच काहीतरी भारी बोललो. कालीपा हसता हसता उठून बाहेर गेली आणि बराच वेळ आली नाही. बुरूलचाने पुढ्यातला भात शेवटच्या दाण्यापर्यंत संपवला. घरी येऊन ओकली.

त्या दिवशी तिने ठरवलं, प्रेशर उतरवायचं. आकडा हाच पहारेकरी असेल तर त्यालाच झोपवू. तिने चहातलं मीठ सोडलं, चरबी सोडली, गोळ्या वेळेवर घेतल्या, रोज ओढ्यापर्यंत चालून यायला लागली. मे महिन्यात एका सकाळी यंत्राने एकशे तीसवर ऐंशी दाखवलं. बुरूलचा नवऱ्याकडे बघत राहिली.

सागिनालीने आकडा वाचला. पुन्हा वाचला. मग यंत्र उलटं करून म्हणाला, "याचे सेल गेलेत."

तेव्हा तिला कळलं, की पहारा तिच्यावर नव्हताच. हा माणूस स्वतःच आत अडकला होता आणि तिच्या हृदयाची ढाल करून बसला होता.

दोन दिवसांनी ती गोठ्यात होती, तेव्हा भिंतीपलीकडे बापलेकांचं बोलणं कानावर आलं. तलासहून निरोप होता. वर्षाचं जेवण अकरा दिवसांनी. जेवणासाठी कापायचा घोडा आपल्याकडून न्यायचा.

"आता तरी आपाला सांगू या," तालाय म्हणाला. "आता नाही तर मग कधीच नाही."

"तिला काय सांगायचं ते मी बघतो," बाप म्हणाला. "घोडी बघायला तलासला चाललोय म्हणून सांग."

बुरूलचा गाईच्या पाठीला टेकून उभी राहिली. अकरा दिवस. त्यानंतर तिच्या पोरीसाठी रडायची मुदत संपणार होती, एक टिपूसही न गाळता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पट्टा घेऊन आला, तेव्हा तिने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"आज तुमचा हात द्या."

"माझं काय बघायचंय?"

"द्या तर."

तिने त्याच्या दंडाला पट्टा बांधला. फुगा दाबला. आकड्याकडे पाहिलंच नाही. आणि अडतीस वर्षांत जे नाव तिने सासरच्या रिवाजाने कधी जिभेवर आणलं नव्हतं, ते घेतलं.

"सागिनाली, इसाकच्या मुला, कंबर घट्ट बांध."

त्याने मान वर केली. ऐकवायला येणारे वडीलधारे याच शब्दांनी सुरुवात करतात.

"तुझ्या कळपात एक शिंगरू होतं," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता, पाहुण्यांची यादी सांगावी तसा. "काळंभोर, कपाळावर चांदणी. ते दोन खिंडींपलीकडे चरायला गेलं. वर्ष झालं, पाण्यावर आलं नाही. तू हाका मारत नाहीस, मीही मारत नाही. त्याला आता हाक ऐकू जायची नाही. झिपार गेली हो. आपली झिपार गेली."

सागिनालीचा हात तिच्या हातात होता. पट्ट्यातली हवा सुस्कारल्यासारखी निघून जात होती.

"तुला कधी..."

"बंडी पाहिली. कालीपाच्या दोरीवर."

"म्हणजे तेव्हापासून?"

"तेव्हापासून."

तो पट्ट्याकडे बघत बोलायला लागला. "तिथे तलासला रिवाजाप्रमाणे सगळे पुरुष काठ्या टेकून दारात रडत होते. परके लोक रडत होते. माझा आवाजच निघाला नाही गं. पोरीच्या दारात मी खांबासारखा उभा. लोक म्हणाले, खंबीर आहे. तुला ऐकवलं की इथे आपल्या दारात पुन्हा उभं राहायचं. आणि इथेही नाही निघाला तर?"

"जाऊन बघा," ती म्हणाली.

तो उठला. काठी सापडेना, म्हणून त्याने गवताचं दाताळं घेतलं, दाराबाहेर गेला, त्यावर दोन्ही हात टेकले आणि वाकला. दंडाला पट्टा तसाच, नळी खाली लोंबत होती. आधी नुसता घशातून घरघराट आला. मग तो ओरडला, "माझं शिंगरू गं! माझं बाळ गं ते!" आणि गल्लीतल्या कुत्र्यांनी भुंकायचं थांबवलं.

कालीपा धावतच आली. तिच्या हातात काळा रुमाल होता, घडी पडलेला, जुना वाटणारा. वर्षभर तो तिच्या पेटीत वरच्या बाजूलाच होता, असं तिने नंतर सांगितलं. दुसऱ्या काखेत ती बंडी होती. मागोमाग गुलसुन आली, बेगाइम आली, लग्नातल्या पंगतीतल्या बायका आल्या. कोणी कोणाच्या डोळ्यांत बघत नव्हतं. कालीपाने रुमाल बांधला आणि बुरूलचाला भिंतीकडे तोंड करून बसवलं. बंडी तिच्या मांडीवर ठेवली. मागे सगळ्या जणी दाटीवाटीने बसल्या आणि थांबल्या. पहिला शब्द आईचा असतो.

बुरूलचाने तोंड उघडलं. काही आलं नाही.

बाहेर सागिनालीचा आवाज चढत होता, एकेक पुरुष येऊन त्याच्या शेजारी उभा राहत होता. आत चहाच्या भांड्याची वाफ ऐकू येत होती. तिने पुन्हा प्रयत्न केला. नाव घशापर्यंत यायचं आणि तिथेच बसायचं, जसं वर्षभर बसवलं होतं तसं. तिने बंडी उलटी केली. अस्तरावरच्या लाल टाक्यांवरून बोट फिरवत कोपऱ्यापर्यंत गेली, परत आली.

"येत नाही गं कालीपा," ती भिंतीलाच म्हणाली.

"न येऊ दे," कालीपाने तिच्या पाठीवर हात ठेवला. "आम्ही कुठे जात नाही."

गुलसुनने सवयीने मनगट धरून नाडी बघायला घेतली. बुरूलचाने हात सोडवून घेतला, हळू, रागाने नाही, आणि तो बंडीवर परत ठेवला. आणखी दहा दिवस होते. तिने श्वास घेतला. तो थोडा आत गेला. तिने पुन्हा तोंड उघडलं.